शेवटच्या कोऱ्या पानावर

आमची धाकटी बहीण लग्न होऊन इंग्लंडला गेली त्याला आता वीस वर्षे होतील. तिची मुलगी बर्मिंगहॅमच्या एका शाळेत शिकते. आपल्याकडे दहावी असते तशी तिकडे जीसीएसई नावाची परीक्षा असते, त्या वर्गात ती आहे. रमजानच्या आधी एका रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. सलाम-दुआ झाली, अम्मीच्या गुडघ्यांची चौकशी झाली आणि मग तिने एकदम विचारले, "खाला, आपल्याकडे कुरआन शरीफच्या शेवटच्या पानावर घरातल्यांची नावं लिहितात का?"

आम्ही चपापलो. असा प्रश्न इथल्या कुणी मुलानेसुद्धा आम्हाला कधी विचारला नव्हता. मग खुलासा झाला. तिला अभ्यासाला एक कविता आहे, तिच्यात असा उल्लेख येतो. बाईंनी वर्गात विचारले, की कुणाच्या घरी असे आहे का? भाचीने हात वर केला. "मी हो म्हणाले खाला, पण मला नक्की माहीत नव्हतं. मी खोटं बोलले का?"

तिला काय उत्तर दिले ते शेवटी सांगू. आधी त्या कवितेविषयी आणि ती लिहिणाऱ्या बाईंविषयी सांगायला हवे. त्यांचे नाव इम्तियाज धारकर. आडनाव वाचून वाचकांचे कान टवकारले असतील. त्याचाही उलगडा पुढे होईल.

इम्तियाज यांचा जन्म १९५४ साली लाहोरचा. त्या वर्षाच्याही नव्हत्या तेव्हा आईवडील त्यांना घेऊन स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात गेले. त्या तिथेच वाढल्या, तिथल्याच विद्यापीठात शिकल्या. घरात पंजाबी मुसलमानी वळण, शाळेत स्कॉटलंडचे कडक ख्रिस्ती वळण. म्हणून त्या स्वतःला गमतीने 'स्कॉटिश मुस्लिम कॅल्व्हिनिस्ट' म्हणवतात. कॅल्व्हिन हा सोळाव्या शतकातला ख्रिस्ती धर्मसुधारक, शिस्त आणि साधेपणा यांसाठी प्रसिद्ध. पुढे तरुणपणी त्यांनी घरच्यांच्या मनाविरुद्ध अनिल धारकर या भारतीय तरुणाशी लग्न केले आणि त्या मुंबईला आल्या. हेच धारकर पुढे पत्रकार आणि संपादक म्हणून नावाजले, मुंबईचा मोठा साहित्य महोत्सव त्यांनी सुरू केला. २०२१ साली ते वारले. इम्तियाज यांच्या घरच्यांनी मात्र या लग्नानंतर मुलीशी संबंध तोडले. मुंबईत त्यांनी बरीच वर्षे काढली, माहितीपट केले, चित्रे काढली आणि कविता लिहिल्या. त्यांची कन्या आयेशा धारकर ही अभिनेत्री. संतोष सिवन यांच्या 'द टेररिस्ट' या चित्रपटातली तिची भूमिका अनेकांनी पाहिली असेल.

हे पहिले लग्न टिकले नाही. नंतर त्यांनी वेल्सचे सायमन पॉवेल यांच्याशी विवाह केला. या गृहस्थांनी 'पोएट्री लाइव्ह' नावाचा उपक्रम उभा केला होता. परीक्षेला ज्यांच्या कविता आहेत ते कवी स्वतः गावोगावच्या मोठ्या सभागृहांत येतात, मुलांसमोर कविता वाचतात आणि मुलांशी बोलतात. वर्षाला पंचवीस हजारांहून अधिक मुले या कार्यक्रमांना येतात. आम्ही वीस वर्षे कविता शिकवतो आहोत. आमच्या मुलांनी पाठ्यपुस्तकातला जिता-जागता कवी एकदाही पाहिलेला नाही. कवी म्हणजे मरहूम, अशीच त्यांची समजूत आहे. सायमन पॉवेल बरीच वर्षे कर्करोगाशी झुंजले आणि २००९ साली गेले. त्यांच्या मागे लिहिलेल्या कवितांचा संग्रह 'ओव्हर द मून' २०१४ साली आला. त्याच वर्षी इम्तियाज यांना राणीचे कवितेसाठीचे सुवर्णपदक मिळाले.

आता त्या कवितांकडे वळू. आमच्या मते सगळ्यांत आधी 'ब्लेसिंग' वाचावी. मुंबईच्या झोपडपट्टीतली गोष्ट आहे. भेगाळलेली जमीन, पाण्याचा खडखडाट, आणि एके दिवशी नगरपालिकेचा मोठा नळ फुटतो. वस्ती धावत सुटते. ज्याच्या हाताला जे लागेल ते भांडे घेऊन बाया-बापे येतात, आणि उघडी पोरे त्या पाण्याखाली उन्हात नाचतात. एवढेच. कवितेत कुणी भाषण करत नाही, कुणाला दोष देत नाही.

ही कविता इंग्लंडमधल्या एका मोठ्या परीक्षा मंडळाच्या पुस्तकात बरीच वर्षे होती. तिच्याच गटात आपल्या मुंबईचे निस्सीम इझिकेल यांची विंचवाची कविताही होती. म्हणजे जिथे नळ सोडला की पाणी येते आणि थांबतच नाही, तिथल्या मुलांच्या कितीतरी तुकड्यांनी मुंबईच्या फुटक्या नळाची कविता शिकून परीक्षा दिली. आम्ही लातूरला राहतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या कवितेवर खरा हक्क आमच्या मुलांचा आहे, असे आम्हाला वाटले, म्हणून गेल्या उन्हाळ्यात नववीच्या वर्गात आम्ही ती आमच्या शब्दांत सांगितली.

मुलांनी जे ऐकले ते आम्ही कुठल्याच टीपेत वाचलेले नव्हते. एक मुलगा म्हणाला, "सर, पाइप दुरुस्त करायला किती दिवसांनी आले?" पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच सांगितले, की टँकर आला की आमच्याकडेही असेच होते, पण नाचत कुणी नाही, भांडतात. दुसरी तिला म्हणाली, "टँकरला नंबर असतो. फुटलेल्या नळाला नंबर नसतो." आम्ही खडू हातात धरून उभे राहिलो. नंबर नसलेले पाणी! कवितेचा अर्थ मुलीने एका वाक्यात सांगून टाकला.

मग कवितेच्या नावावर गाडी अडली. 'ब्लेसिंग'ला आपण काय म्हणायचे? मराठीत आशीर्वाद म्हणावे तर तो वडीलधाऱ्यांनी डोक्यावर हात ठेवून द्यायचा असतो. दुआ म्हणावे तर ती आपण मागायची असते. मुलांनी बरकत सुचवले, पण बरकत आहे त्यात भर पडते त्याला म्हणतात, आणि इथे तर मुळात काहीच नव्हते. शेवटी 'रहमत'वर एकमत झाले. उर्दूत पावसालाच 'बाराने-रहमत' म्हणतात, दयेचा पाऊस. मूळ कवितेत नळाभोवती जमलेल्या गर्दीसाठी जो शब्द आहे तो इंग्रजीत चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेल्या लोकांसाठी वापरतात. आम्ही तिथे 'जमात' म्हणालो. हंडे-कळशा घेऊन उभी राहिलेली जमात. भाषा शिकवणाऱ्याला असा एक तास मिळाला की महिन्याचा शीण जातो.

दुसरी कविता 'द राइट वर्ड', म्हणजे योग्य शब्द. दाराबाहेर अंधारात कुणीतरी उभे आहे. त्याला काय म्हणायचे? आधी दहशतवादी म्हणून पाहिले जाते, मग तो शब्द बदलतो, पुन्हा बदलतो, आणि शब्द बदलला की बाहेरचा माणूसही बदलतो. अखेर दिसते ते एक पोर. आपल्याच घरातल्यासारखे. दार उघडले जाते, आणि ते पोर आत येताना चपला बाहेर काढते. ही कविता २००६ च्या 'द टेररिस्ट ॲट माय टेबल' या संग्रहात आहे. त्या वर्षांत ब्रिटनमध्ये दाढीवाल्या किंवा हिजाबवाल्या माणसाला आगगाडीच्या डब्यात कोणकोणत्या नजरा झेलाव्या लागत, ते आमची बहीण सांगते. आम्हाला ते इथे बसूनही समजते. चपला काढण्याची ती छोटीशी गोष्ट ज्या घरांत चालते त्या घरांतल्या माणसांना वेगळे काही सांगावे लागत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, बाई चांगल्या दिसतात. पण मागे आम्ही या सदरात त्यांचे नाव ओझरते घेतले, तेव्हा एका वाचक भगिनींचे खरमरीत पत्र आले होते. त्यांचे म्हणणे असे, की जी मुलगी आईबापाला सोडून गेली, दुसऱ्या धर्मात लग्न केले, पडद्याविरुद्ध लिहिले, तिची ओळख घरात वाचल्या जाणाऱ्या मासिकात कशाला? आमच्या मुलींनी काय घ्यायचे तिच्याकडून? पत्रात राग होता, पण काळजीही होती. त्यामुळे उत्तर द्यायला आम्ही वेळ घेतला.

'पर्दा' हा त्यांचा पहिला महत्त्वाचा संग्रह, १९८९ सालचा. त्यातल्या पहिल्या कवितेत एका मुलीला सांगितले जाते, की आता तू मोठी झालीस, लाज कळायला हवी. ती कापड पांघरते. सुरुवातीला त्यात एक आसरा आहे, हे कवयित्री लपवत नाही. मग हळूहळू ते कापड कुठे संपते आणि बाई कुठे सुरू होते ते कळेनासे होते. दुसरी कविता विलायतेतल्या मुस्लिम मोहल्ल्यांतल्या मुलींची आहे. अर्थ न समजता तोंडपाठ केलेली अरबी, दोन्हीकडून ओढले जाणारे मन, आणि घर सोडून गेलेल्या पोरी.

आम्हाला या कविता पूर्ण पटत नाहीत. आमच्या वर्गात बुरखा घालून एसटीने वीस किलोमीटरवरून येणाऱ्या मुली आहेत, विज्ञानात त्या पहिल्या येतात, आणि वर्गात त्यांचा आवाज सर्वांत मोठा असतो. त्या या कवितेत कुठेच नाहीत. पण अर्थ न समजता पाठ करण्याची जी गोष्ट त्यांनी लिहिली आहे ती खोटी आहे असे आम्ही कुठल्या तोंडाने म्हणावे? आम्ही स्वतः दहाव्या वर्षी नाझरा पूर्ण केला, आणि पहिल्या सूरहचा अर्थ कळला तेव्हा बीएडला होतो.

'पोस्टकार्ड्स फ्रॉम गॉड' या संग्रहाबद्दलही असेच आहे. त्यात ईश्वर प्रवासी होऊन मुंबईत हिंडतो आणि पत्रे लिहितो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईची काळी सावली त्या पानांवर आहे. ईश्वराच्या तोंडी शब्द घालणे आमच्या मनाला रुचत नाही. पण उर्दू शिकवताना दरवर्षी इक्बालच्या 'शिकवा'शी आमची गाठ पडते. त्यात बंद्याने अल्लाहकडे तक्रार केली म्हणून केवढा गहजब झाला होता. मग १९१३ साली 'जवाबे-शिकवा' आली, आणि त्यात तर उत्तर थेट वरून येते. इक्बालचे आपण पाठ करतो. बाईचे वाचायचे नाही, असे म्हणायला कारण वेगळे द्यावे लागेल.

राहिला प्रश्न घर सोडून गेलेल्या मुलीचा. तिने ते बरोबर केले की चूक, याचा निवाडा आम्ही करणार नाही. तो आमचा अधिकार नाही. एवढे मात्र दिसते, की जे घर सुटले ते त्यांच्या कवितेतून कधीच गेले नाही. लाहोर, ग्लासगो, मुंबई, लंडन, वेल्स अशी गावे त्या लिहीत राहतात, आणि कुठेही गेल्या तरी अझान, उर्दू-पंजाबी शब्द, स्वयंपाकघरातले वास सोबत येतात. संग्रहांतली काळ्या शाईची चित्रेही त्यांची स्वतःचीच असतात. २०१९ साली ब्रिटनचे राजकवीपद रिकामे झाले. सतराव्या शतकापासून चालत आलेल्या या पदावर २००९ मध्ये कॅरॉल ॲन डफी यांच्या रूपाने पहिल्यांदा स्त्री आली होती. त्यांच्यानंतर इम्तियाज धारकर येणार अशी चर्चा होती. त्यांनी नाव मागे घेतले. लिहायला जो एकांत लागतो तो या पदाच्या धावपळीत मिळणार नाही, असे त्यांचे कारण होते. मग सायमन आर्मिटेज राजकवी झाले. लाहोरला जन्मलेल्या मुसलमान घरातल्या बाईने ब्रिटनच्या दरबाराला नाही म्हटले, आणि तेही कवितेसाठी, याचा आम्हाला उगीचच अभिमान वाटला. पुढच्याच वर्षी, २०२० पासून, त्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या कुलपती झाल्या.

आता भाचीची कविता. तिचे नाव 'टिश्यू', म्हणजे अगदी पातळ कागद. तीही २००६ च्याच संग्रहातली. २०१७ पासून त्या परीक्षेत सत्ता आणि संघर्ष या विषयाचा पंधरा कवितांचा एक गट आहे, त्यात ती आहे. लढाया, सम्राट, बॉम्ब यांच्या कवितांमध्ये ही एक कागदाची कविता. हातांनी हाताळून हाताळून झिजलेला, उजेड आरपार जाईल असा कागद. तो कुठे पाहिला, तर कुरआन शरीफच्या मागे, जिथे घरातल्या कुणीतरी लिहून ठेवलेले असते, कोण कुणाच्या पोटी जन्मले, कोण कुठे आणि कसे गेले. मग कविता नकाशांवर जाते, दुकानाच्या पावत्यांवर जाते, कागदाच्या इमारती कल्पून पाहते. दगडमातीच्या भिंतींऐवजी माणसाने अशा पातळ, बदलता येणाऱ्या गोष्टींनी घर बांधले असते तर, असे काहीसे ती विचारते, आणि शेवटी माणसाच्या कातडीपर्यंत पोहोचते. कठीण कविता आहे. भाचीला कळली नाही यात नवल नाही. आम्हालाही तीनदा वाचावी लागली.

पण पहिला भाग आम्हाला वाचताक्षणी ओळखीचा वाटला. आमच्या नानांचा कुरआन शरीफ अम्मीजवळ आहे, हिरव्या जुजदानात गुंडाळून कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात. मुखपृष्ठ दोनदा बदलले. मागे एक कोरे पान आहे, त्यावर नानांच्या टाकाने लिहिलेली उर्दू. तेव्हा आमचा भाग निजामाच्या राज्यात होता, म्हणून सुरुवातीच्या तारखा हिजरी आणि फसली सनातल्या, नंतरच्या इंग्रजी. सात मुलांची नावे, पैदाइशीचा दिवस, वेळ, एका मुलाच्या पुढे तीन वर्षांनी वफातची तारीख.

आम्ही भाचीला म्हणालो, "थांब, खोटं बोलली नाहीस, दाखवते तुला." वुझू करून जुजदान उतरवले आणि शेवटचे पान फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरले. पोरगी एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "अजून जवळ." तिला उर्दू धड वाचता येत नाही, पण आम्ही एकेक नाव वाचू लागलो तसे तिला घरातले चेहरे लागत गेले. तिसऱ्या ओळीवर आम्ही थांबलो. तिथे नाव नाही. तिथे शाईचा जाड पट्टा आहे, दोनदा ओढलेला, इतका जोराने की पानाच्या पाठीवर उमटला आहे.

"खाला, इथे शाई सांडली का?"

आम्ही लगेच हो म्हणालो. चाळीस वर्षे हेच उत्तर ऐकत आलो होतो. लहानपणी आम्ही विचारले तेव्हा नानीने हेच सांगितले होते. अम्मीला भाऊबहिणी किती, तर अम्मी पकडून सहा, असेच घरात मोजले जाते. हैदराबादेत कुणीतरी आहे, त्यांनी फार पूर्वी नानांच्या मर्जीविरुद्ध लग्न केले, एवढे अर्धवट कानावर होते. नाव कधी कुणी घेतले नाही. पत्र लिहिणाऱ्या भगिनींना उत्तर द्यायला आम्हाला वेळ का लागला, ते आता वाचकांना कळले असेल.

अम्मी मागे खाटेवर तसबीह घेऊन बसली होती. आम्हाला वाटले तिचे लक्ष नाही. ती म्हणाली, "सियाही नै गिरी बेटा. अब्बा काटे सो है."

फोनच्या दोन्ही बाजूंना कुणी बोलेना. मग भाचीनेच विचारले, "नाव काय होतं, नानी?"

अम्मीने नाव सांगितले. वार सांगितला, जुमा, फजरच्या आधी. फसली साल सांगितले. आपल्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि आपल्याला वेणी घालायला तिनेच शिकवले, हेही सांगितले. पोरीने तिकडे वहीत लिहून घेतले आणि स्पेलिंग नीट आहे का ते दोनदा विचारले. ते नाव आम्ही इथे छापत नाही. त्या हयात आहेत, आणि त्यांना विचारल्याशिवाय छापणे बरोबर होणार नाही.

परीक्षेत त्या कवितेवर प्रश्न आला नाही. भाची वैतागली. अम्मीने मात्र त्या रविवारपासून हैदराबादचा फोन नंबर शोधण्यासाठी आमच्या मागे लकडा लावला आहे. एका मामेभावाकडून मागच्या आठवड्यात तो मिळाला, आणि तो कागद अम्मीने उशाखाली ठेवला आहे.